पुढेच पळणारा देवराव

देवराव माझ्याबरोबर कधी चाललाच नाही. चालला तो माझ्या पुढे. मी काही सांगू लागलो की मान मागे वळवून ऐकायचा, पाय मात्र पुढेच. असं ऐकता ऐकता एकदा शाळेच्या फाटकावर आदळला, कपाळाला हे एवढं टेंगूळ आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वारी पुढेच. मी केळापूर तालुक्यातल्या एका शाळेत ड्रिल मास्तर होतो. पोरांना शिस्त लावणं हा माझा धंदा, आणि या एका पोराने माझ्या नाकी नऊ आणले.

छप्पन साली त्याचे आईबाप नागपूरला जाऊन बौद्ध दीक्षा घेऊन आले. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत तो आमच्याकडे दाखल झाला. काटकुळा, लांब टांगांचा. आमच्या शाळेला मैदान कुठलं! गावाबाहेर शंकरपटाची, बैलांच्या शर्यतीची सरळ पट्टी होती, तिथेच पोरं पळायची. थंडीत ती काळी माती पिठासारखी व्हायची. जो मागे राहील त्याच्या नाकातोंडात फुफाटा. देवराव पहिल्या झटक्यालाच पुढे निघायचा आणि पुढेच राहायचा. तालुक्यात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता.

यवतमाळला जिल्ह्याच्या शर्यती झाल्या तेव्हा मात्र पंचाईत झाली. एक मैल, म्हणजे गोल मैदानाच्या चार चकऱ्या. शहरातली पोरं बिलंदर. याच्या पाठीला चिकटून तीन चकऱ्या आरामात काढल्या आणि चौथीत एकामागून एक पुढे सटकली. आमचा गडी पाचवा आला. मी डोक्याला हात लावला.

"अरे, दोन चकऱ्या कोणाच्या तरी मागे पळ. वारा त्याला खाऊ दे. दम राखून शेवटी नीघ!"

"मांगं राह्यलं का फुफाटा खा लागते, सर."

"इथे कुठला आलाय फुफाटा? पाणी मारलंय मैदानावर!"

"आज मारलं, सर. रोज कोन मारते?"

आता याला काय म्हणावं? पुढच्या वर्षी पहिले पाढे पंचावन्न. सांगून सांगून माझी जीभ झिजली. एकदा तर छडी फेकून निघून आलो, तर हा माझ्या पुढे पुढे चालत घरापर्यंत सोडायला आला.

अशात वणीकडच्या एका कोळसा खाणीने पळणाऱ्यांची टीम काढली. पळायचं आणि पगार घ्यायचा! देवरावला त्यांनी कच्च्या नोकरीवर घेतलं. शर्यतीत कामाला आला तर पक्की. त्याचा बाप पांढरकवड्याच्या बाजारात पोती वाहायचा. देवराव मला म्हणाला, "पक्का झालो का बाबाले पोतं उचलू देत नाही, सर."

टीमचा कप्तान मैलाचाच पळणारा होता. त्याच्यासाठी देवरावने दोन चकऱ्या जीव तोडून शर्यत ओढायची, मग बाजूला व्हायचं आणि कप्तानाला वाट द्यायची, एवढंच काम. मी म्हटलं, देव पावला! याला पुढेच पळायचं असतं ना, घ्या, त्याचाच पगार.

खाणी आणि गिरण्यांच्या शर्यती यवतमाळलाच होत्या. मी गेलो, त्याचा बापही धुवट सदरा घालून आला. दोन चकऱ्या देवराव असा पळाला की लोक उभे राहिले. टीमच्या मास्तरने शिट्टी मारली. हा सरेना! पुन्हा शिट्टी. कप्तान मागून ओरडतोय, "हट ना बे!" हा आतली कड धरून तसाच. कप्तानाला बाहेरून जायचं तर तिथे एका गिरणीचा गडी खेटून. शेवटच्या वळणावर तोच गिरणीवाला दोघांना मागे टाकून निघून गेला. कप्तान दुसरा, देवराव तिसरा. नोकरी तिथेच संपली. टीमच्या मास्तरने सगळ्यांसमोर सांगितलं, "उद्यापासून येऊ नको."

मी तणतणत बापाकडे गेलो. "बाजूला व्हायला काय धाड भरली होती याला?"

बाप खालीच बसला होता. म्हणाला, "मास्तर, पयले गावात मोठ्यायची बैलबंडी आली का मी रस्ता सोडून खाली उतरो. बंडी जाये, फुफाटा बसे, मंग वरतं चढो. हा माह्या कडेवर राहे. तवाच्यानं याच्यानं बाजूले होनं होत नाही. म्या लई मारूनबी पाह्यलं." मग म्हणाला, "मलेबी लई राग आला, मास्तर. कायले खोटं बोलू."

माझा राग काही गेला नाही. फक्त कोणावर काढावा ते कळेना.

तेवढ्यात देवराव आला. डोळे लाल, पण नोकरीचं अवाक्षर नाही. "आखरीच्या चकरीत दम कमी पडला, सर. पुढच्या साली दाखवतो."

"कुठलं पुढचं साल रे बाबा? कोण उभं करणार तुला?"

कोणी केलं नाही. चार-पाच वर्षांनी पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये दिसला. कापसाच्या गाठी ढकलत होता. मी विचारलं, "पळतोस का रे?"

"आता कायचं पळनं, सर! जेवलं का झोप येते."

इतकी वर्षं पोरं पळवली, तसे पाय पुन्हा पाहायला मिळाले नाहीत. त्याला त्या दिवशी कप्तानासाठी नाही, स्वतःसाठी पळायला उभं केलं असतं तरी तो हरलाच असता, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पळाला असता.