एकशे साठ व्होल्टवरचं पाणी

उल्हासनगरच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी विजेच्या शेगडीच्या कॉइल तपासायचे. दिवसभर उभ्याने. समोर दोन मीटर, एक व्होल्टचा, एक अँपिअरचा. व्होल्टला अँपिअरने भागलं की रेझिस्टन्स, दोन्ही गुणले की वॅट. दोनशे तीस व्होल्टला काटा चार अँपिअरच्या थोडा वर गेला की हजार वॅटची कॉइल पास. शेठ मागून ओरडायचे, "बराबर है ना? तो आगे चलो, मॅडम!" त्यांना भागाकाराशी काही देणंघेणं नव्हतं. दुपारनंतर खरं तर मलाही नसायचं.

घरी कात्रपला वेगळाच कारभार. संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगचे दिवे, पंखे, शेगड्या एकदम लागायच्या आणि व्होल्टेज मान टाकायचं. आईचे गुडघे संधिवाताने धरलेले. झोपण्याआधी गरम पाण्याचा शेक मिळाला तरच तिचा डोळा लागायचा, नाहीतर भिंतीकडे तोंड करून कण्हत पडायची. पाण्याचं पातेलं तिला उचलवत नसे, म्हणून सगळं मी येईपर्यंत थांबायचं. आणि मी यायचे ती अर्धमेली होऊन.

"तूच पास केलीस ना ही कॉइल?" आई म्हणायची. "नव्या नवरीसारखी नुसती लाजते, तापत नाही."

एका संध्याकाळी पातेलं ठेवलं आणि पाणी बघता बघता वाफाळलं. आई गालात हसत होती. आमच्याकडे तेव्हा एक रीतच पडली होती. व्होल्टेज कमी, तर कॉइलचा तुकडा कापून टाकायचा आणि उरलेली ताणून शेगडीच्या खाचांत बसवायची; कॉइल आखूड झाली की जास्त तापते. शेजारच्या वहिनींनी आमच्या कॉइलचा पाव हिस्सा कापून टाकला होता. त्या रात्री आई गाढ झोपली, आणि मला मनापासून बरं वाटलं.

पण सवय वाईट. सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपचे मीटर मागून आणले. एकशे साठ व्होल्ट, चार अँपिअर. म्हणजे चाळीस ओहम, सहाशे चाळीस वॅट. इथवर ठीक. पण लोकांनी दिवे मालवले की व्होल्टेज उसळी मारायचं. दोनशे तीसला हीच कॉइल तेराशे वॅटच्या वर जाणार होती. भिंतीतली वायर जुनी, प्लग आधीच करपून पिवळा पडलेला. आई दिवसभर घरात एकटी. मी न कापलेली कॉइल आणून बसवली. एकशे साठला तीन अँपिअर, चारशे ऐंशी वॅट. हजाराच्या निम्मेही नाहीत.

आईला सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझं गणित बरोबर असेल गं," ती म्हणाली, "पण गुडघे माझे आहेत."

मला राग आला, पण तो कुणावर काढायचा हेही कळेना. दिवसभर मी लोकांच्या शेगड्यांना पूर्ण व्होल्टेज देत होते.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले, पातेलं ठेवलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसले. पाणी काही लवकर तापणार नव्हतं. आई समोर पाय पसरून बसली होती. मला जाग आली तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. शेगडी बंद होती, माझ्या अंगावर आईची चादर होती. आई तिथेच, गुडघे चोळत.

मी पाण्यात बोट घातलं. तापून परत गार झालं होतं.

"उठवलं का नाहीस?"

"किती दमतेस गं," आई म्हणाली.