हसायच्या आधी बसायचं

"नार्कोलेप्सी," डॉक्टर म्हणाल्या. बाबांनी तो शब्द पुन्हा विचारला.

यात झोप आणि जाग यांच्यातली सीमा मेंदूला सांभाळता येत नाही. दिवसा कुठेही झोप कोसळते. जोडीला मला कॅटाप्लेक्सी आहे. जोरात हसू आलं की अंगातलं बळ काही क्षण निघून जातं. गुडघे वाकतात, मान पडते. शुद्ध जात नाही, सगळं ऐकू येत असतं.

हे नाव मिळायला वर्षं गेली. थायरॉइड तपासून झालं, हिमोग्लोबिन झालं, 'मोबाइल कमी बघ' हेही ऐकून झालं. शेवटी रात्रभर डोक्याला वायरी लावून स्लीप स्टडी झाली. दुसऱ्या दिवशी थोड्या थोड्या वेळाने झोपायला सांगून किती लवकर झोप लागते ते पाहिलं. मला दर वेळी लगेच लागली. झोपले म्हणून कोणी रागावलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

रिपोर्टच्या दिवशी वेटिंग रूममध्ये एक फॉर्म भरायला दिला होता. क्वालिटी ऑफ लाइफ, म्हणजे आजारामुळे रोजचं जगणं किती अडतं, ते मोजणारा. गाडी चालवताना झोप येते? कधीच नाही. सिनेमा बघताना? कधीच नाही. लोकांत त्रास होतो? कधीच नाही. मी खोटं लिहिलं नव्हतं.

"इतना अच्छा स्कोर?" डॉक्टरांनी वर पाहिलं. "गाड़ी चलाती हो?"

"छोड़ दी."

"मूवी?"

"नहीं जाती."

"दोस्तों के साथ हँसी-मज़ाक?"

शेजारून बाबा म्हणाले, "मॅडम, ये हँसती ही नहीं."

बाबा दिल्लीत सरकारी ऑफिसात. करोल बागेतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी विनोदी नाटकात काम करायचे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी मागे उभी राहून नाटक बघत होते. त्यांच्या एंट्रीला हसले आणि तिथेच खाली कोसळले. लोक म्हणाले, उपास असेल. त्यानंतर नाटक सुरू झालं की मी प्रसादाचे द्रोण भरायला आत जायची. दार लावून घ्यायची, कारण बाहेरचा हशा ऐकूनही हसू यायचं.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी नाटकात काम करणं सोडलं. गुडघा दुखतो म्हणाले.

द्वारकेला घरी परतताना मेट्रोत ते खिडकीकडे बघत बोलले, "मला वाटायचं, इंग्लिश शाळेत शिकलेल्या पोरीला बापाच्या माकडचेष्टांची लाज वाटते."

"नाही हो बाबा." एवढंच जमलं. स्टेशनं जात राहिली. त्यांची किती कामं मी बंद दाराआडून, पुसट ऐकली होती.

तुमच्या हातात असा फॉर्म आला, तर आधी स्वतःला विचारा, हे मी अजून करते तरी का? आपण जे सोडून दिलेलं असतं, ते 'कधीच नाही'मध्ये दिसेनासं होतं. पुढच्या भेटीला मी फॉर्म तसा विचार करून भरला. औषधं सुरू होती, तरी स्कोर घसरला. "अब ठीक भरा है," डॉक्टर म्हणाल्या. हा आजार जात नाही, आटोक्यात राहतो. ते ऐकून बरोबर आलेली आई वॉशरूममध्ये जाऊन रडून आली.

एका रविवारी जेवणं झाल्यावर बाबांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला. "आधी बस. पाठीला उशी घे." मग आईला म्हणाले, "अगं, तू तिच्या बाजूला बस."

"डायलॉग तरी आठवतात का तुम्हाला?" आई म्हणाली.

"नाही आठवत. म्हणून तर जास्त हसेल."

ते जुन्या नाटकातले घरमालक झाले. मग विसरले आणि भाडेकरूचंच वाक्य बोलून गेले. मला हसू फुटलं. जबडा सैल पडला, मान आईच्या खांद्यावर कलंडली. मला फक्त सतरंजीची कड आणि बाबांची पावलं दिसत होती.

"पुरे आता," आई घाबरून म्हणाली.

"थांब गं," बाबांचा आवाज आला. "हशा संपेपर्यंत नट पुढचं वाक्य घेत नाही."

आणि माझी मान वर येईपर्यंत ती पावलं जागची हलली नाहीत.