बाळाच्या खोलीतला मोएरु गोमी

"काजी देस! काजी देस!" भिंतीवरचा डबा ओरडायला लागला, तेव्हा बाळ माझ्या मांडीवर होतं आणि शेगडीत ओवा तडतडत होता. काजी देस म्हणजे जपानीत आग लागली. धूर लागला की तो डबा असा बोंबलतो. आग नव्हती. धुरी होती.

मी जपानात, फुनाबोरीत, आपल्या लोकांच्या घरी बाळ-बाळंतिणींची मालिश करते. माझे यजमान इथल्या एका हॉटेलात स्वयंपाकी आहेत. बाळाला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, मग निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकून तो धूर अंगाला द्यायचा. तीच धुरी. धुरीने सर्दी होत नाही आणि मालिशीने हाडं मजबूत होतात, असं मला सासूने सांगितलेलं. मी पुढे सगळ्यांना सांगत असे.

या बाळाच्या आईला, केतकीताईंना, कोळसा चालत नव्हता. त्या कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत आणि घरात सगळं इको-फ्रेंडली. म्हणून गोवऱ्या ऑनलाइन मागवल्या, थेट भारतातून. विमानाने आल्या. प्लास्टिकचे थर सोलता सोलता मला हसू आलं, पण बोलले नाही. मी कमीच बोलते.

बाळ मात्र काही दिवस खोकत होतं. झोप नाही. केतकीताई रडवेल्या झाल्या होत्या. त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "कफ सुटतोय त्याचा. धुरी वाढव जरा, सुमन." म्हणून त्या दिवशी मी वाढवली आणि डबा ओरडला.

मी बाळाला घेऊन बाल्कनीत पळाले. बिल्डिंगचे केअरटेकर मोरी-सान आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आले. एवढ्या घाईतही बूट दारात काढून, नीट लावून आत आले.

"काय जळतंय?"

"गाईचं शेण," केतकीताई जपानीत म्हणाल्या. "एकदम नॅचरल आहे."

मोरी-सान वाकून बघत राहिले. "म्हणजे मोएरु गोमी."

"काय म्हणतोय गं तो?" सासूबाईंनी विचारलं.

"जळणारा कचरा म्हणतायत, आई."

"गोवरीला कचरा? सांग त्याला, आमच्यात पवित्र असते म्हणावं!"

केतकीताईंनी भलतंच काहीतरी सांगितलं असणार, कारण मोरी-सानांनी रागावण्याऐवजी वाकून नमस्कार केला. मग सावकाश बोलले. केतकीताईंनी आम्हाला सांगितलं, "जळणारा कचरा आम्ही जाळतोच म्हणतायत. पण लांब, उंच चिमणीखाली, धूर गाळून. बाळाच्या नाकाला कुठे गाळणी आहे?"

सासूबाईंनी उठून खिडकी उघडली.

संध्याकाळी बाळाला डॉक्टरकडे नेलं. मी सोबत गेले. डॉक्टर भरपूर औषधं देणार, या भीतीने केतकीताई आधीच घाबरलेल्या. डॉक्टरबाईंनी छाती तपासली आणि एकही औषध दिलं नाही. म्हणाल्या, "आधी धूर बंद करा. मग बघू."

आता माझं कामही बंद, असं मला वाटलं. केतकीताईंच्या कानात म्हटलं, "ताई, मालिशीचं विचारा ना."

डॉक्टरबाई हसल्या. "हलक्या हाताने चालू दे. हाडं काही त्याने मजबूत होत नाहीत. पण बाळाला बरं वाटतं, झोपही लागेल."

उरलेल्या गोवऱ्या जळणाऱ्या कचऱ्यात गेल्या. प्लास्टिक वेगळं द्यावं लागलं. त्याचीच पिशवी मोठी झाली.

चार-पाच दिवसांत खोकला गेला. सासूबाई म्हणाल्या, "बघ, तेलाचा गुण!" केतकीताईंनी माझ्याकडे बघून डोळा मारला.

आता नवीन घरी गेले की धुरी करत नाही, हाडांचंही काही सांगत नाही. "मालिशीने काय होतं हो, मावशी?" असं विचारलं, की एवढंच म्हणते, "बाळ झोपतं."

बाळंतिणीला एवढं पुरतं. दुसऱ्या दिवसापासून या म्हणतात.