डाव्या चाकाचा आटा

आमच्या दापोड्याच्या अंगणात किस्से जुन्या टायरसारखे साठतात. मुद्दाम कोणी आणून टाकत नाही, पण कोपऱ्यातला ढीग वाढतच असतो! यातले बहुतेक बाबांचे. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस, साध्या बाटलीचं झाकणसुद्धा चाकाचा नट असल्यासारखं आवळतो.

सहा महिन्यांपूर्वी बाबांना लकव्याचा हलका झटका आला आणि उजवा हात ढिला पडला. डॉक्टरांनी सांगितलं, "मी म्हणेपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही." तेव्हापासून घरात जो तो त्यांच्या हातातली वस्तू काढून घेतो, मीही घेते. एकदा चहाचा कप घेतला, तर म्हणाले, "पिऊन पण तूच टाक!"

*

मी शाळेत गणित शिकवते. रविवारी सकाळी माझ्या गाडीचं मागचं डावं चाक पंक्चर दिसलं. मी जॅक आणेपर्यंत बाबा जोर वाढवायला पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवून बसलेसुद्धा!

"बाबा, उलटं फिरवताय. नट आवळतोय."

"डाव्या चाकाचा आटा उलटाच असतो. मला शिकवू नको!"

त्यांच्या जुन्या ट्रकला असायचा. माझ्या गाडीला नाही. कट्ट! नट ज्यावर बसतो तो स्टड मधोमध तुटला आणि नटासकट अर्धा खाली पडला.

बाबा उजव्या हाताकडे बघत राहिले, जणू चूक त्याचीच होती. मला फार वाईट वाटलं.

*

तुटका तुकडा नमुन्याला घेऊन मी नाक्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात निघाले. आईनं ओट्यावरून हाक मारली, "किती आणतेस?"

"एक."

"चार आण. तुझे बाबा घरीच हायत."

*

शेजारचा इक्बाल कापडाचे लूम दुरुस्त करतो, तो मदतीला आला. बाबा उलट्या बादलीवर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. इक्बालनं गाडी जॅकवर घेतली, चाक आणि ब्रेकचा ड्रम काढला. राहिलेला अर्धा स्टड हातोडीनं आत ठोकून मागून बाहेर काढला. नवा मागून घातला आणि नट लावून आवळायला घेतला.

"थांब," बाबा म्हणाले. "आधी चार वायसर घाल. ग्रीस लाव. नट उलटा लाव, मग ओढ. बरोबर बसंल."

तसंच केलं. नट आवळला जाईल तसा स्टड हळूहळू भोकात ओढला गेला आणि शेवटी घट्ट बसला.

"चाचा, ये कहाँ सीखा?"

"घाटात. जॅक न्हाय, गॅरेज न्हाय, वर माल आंब्यांचा. आंबे थांबतात व्हय?"

*

चाक चढलं. नट शेवटचे आवळायला इक्बालनं पाना बाबांपुढे धरला. "आखरी टाइट आप करो, चाचा."

मी हात पुढे केला होता, तो मागे घेतला.

बाबांनी पाना नटाला लावला आणि थांबले. मग इक्बालकडे वर बघून हळूच विचारलं, "कंच्या बाजूला?"

त्यांनी आयुष्यात कोणाला रस्ता विचारलेला मी पाहिला नव्हता. पाचही नट त्यांनीच आवळले, पाइप न लावता. त्यानंतर तो तुटका तुकडा काही केल्या सापडला नाही. भंगारात गेला असेल म्हणून मी सोडून दिलं.

*

गुरुवारी डॉक्टरांकडे तपासणी होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. वाटेत एकदाच बोलले, "गाडी चालवायला दिल का गं तो?"

डॉक्टरांनी दोन बोटं पुढे केली. "काका, हातात जोर किती आलाय बघू. दाबा."

बाबांनी बोटं दाबलीच नाहीत. खिशात हात घातला आणि नटासकट अर्धा स्टड टेबलावर ठेवला.

"पोलादी हाय. ह्याच हातानं तोडला, रविवारी!"

आणि मी पाइपाचं नाव काढायच्या आत माझ्याकडे डोळे वटारून बघितलं.