तांदळात लिहिलेलं नाव

आमच्या काकूंपेक्षा हट्टी बाई सबंध सनीव्हेलमध्ये नव्हती. असती तर काकूंनी तिला चहाला बोलावून संध्याकाळपर्यंत वाकवली असती. काकू म्हणजे आईची मैत्रीण. फ्रीवेवर तीस मैलांच्या वर जायच्या नाहीत, मागून हॉर्न वाजले की आरशात बघून नमस्कार करायच्या. राँग नंबर लागला तरी पलीकडच्याची तब्येत विचारल्याशिवाय फोन ठेवायच्या नाहीत.

मी तेव्हा तेवीस वर्षांची, आणि पत्रकं लिहून लिहून माझं बोलणंसुद्धा ठळक टायपात निघायचं. गर्भ ठेवायचा की नाही हे बाईनंच ठरवायचं, हा हक्क राज्याच्या घटनेत लिहून घ्यायला आम्ही मतदारांच्या सह्या गोळा करत होतो. सुपरमार्केटच्या दारात दिवसभर भांडून मला अकरा मिळाल्या. काकूंनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सिटिझन झालेल्या झाडून सगळ्या बायका बोलावल्या, वाण म्हणून बॉलपेनं वाटली, लगेच पुढ्यात कागद सरकवला आणि बेचाळीस सह्या घेतल्या. नागपूरला नर्स असताना जे बघितलं ते कुठल्या पत्रकात मावणार नाही, एवढंच म्हणे त्या बोलल्या. आणि त्या हळदीकुंकवाला मी मागासलेपणा म्हणून नाक मुरडलं होतं.

मोहिमेच्या ऑफिसात सह्या मतदारयादीशी ताडल्या, तर तीस बाद. यादीत पासपोर्टवरचं माहेरचं नाव, सही सासरच्या नावानं. मुदत चार दिवसांवर. मी तडक काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन ओरडले की एवढ्या शिकलेल्या बायका, स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही.

काकू भजी तळत होत्या. "अगं, नवऱ्यानं ताटातल्या तांदळात लिहिलं आणि मी ती झाले," त्या म्हणाल्या. "मला कुणी विचारलं होतं?"

मी बाद झालेल्या सह्यांची यादी भज्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

मग चार दिवस आम्ही यादीतल्या नावानं पुन्हा सह्या घेत घरोघर फिरलो. एका काकांनी तर, "सुशीला? इथे कुणी सुशीला नाही," म्हणून दार लावायला घेतलं. सुशीला मागे उभी राहून हसत होती.

शेवटची सही काकूंची. 'कुमुद' लिहून त्या थांबल्या, कागद जरा लांब धरून बघत राहिल्या. "बरं दिसतंय ना गं?"

मी हो म्हटलं. राज्यभरातून सह्या कमी पडल्या आणि आमचं कलम मतपत्रिकेपर्यंत पोचलंच नाही, ते पुढे. त्या दुपारी मला एवढंच कळलं, की मी काकूंना जन्मापासून ओळखत होते आणि त्यांचं नाव विचारायचं मलाही कधी सुचलं नव्हतं.