माझ्या तक्त्यातली 'इतर' घरं

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. यंदाच्या सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतरच्या ग्रामसभेत, जिलेबी वाटून झाल्यावर. आणि तो करणारा हात माझाच होता, हे आधीच सांगून टाकते.

गावात पाण्याची नवी योजना येणार होती. कुणाला काय हवं ते ठरवायला ग्रामपंचायतीनं मला घरोघरचे व्यवसाय लिहायला लावले. अशा माहितीला गुणात्मक म्हणतात. शेती, नोकरी, दुकान यांची सरासरी निघत नाही, कुठल्या प्रकारात किती घरं तेवढं मोजायचं. ती वारंवारता. मग तिचा स्तंभालेख. भित्तिपत्रकं रंगवून माझा हात बसलेला, असा झकास तक्ता केला की मीच चारदा लांबून बघून आले.

पूर्वेकडच्या वस्तीवर मात्र दारोदार कुलपं. दिवाळी झाली की तिथली माणसं मेंढरं घेऊन कराडकडं जातात, तुटलेल्या उसाच्या रानात बसवतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. आत्या त्यांच्यातलीच, म्हणजे मला हे ठाऊक होतं. पण फॉर्मवर सूचना होती, घर बंद असल्यास 'इतर' लिहावे. मी मुकाट लिहिलं.

सभेला आत्या मुद्दाम एसटीनं आली, मेंढरांसाठी हौद मागायला. ग्रामसेवकांनी तक्त्यावर पट्टी फिरवली.

"शेतीचा स्तंभ सगळ्यात उंच, खालोखाल इतर. मेंढपाळ कुठंच दिसत नाहीत. हौद बांधायचा कुणासाठी?"

"आवं सायेब, मग मी कोण हाय?"

"तुम्ही इतरमध्ये."

"बरं. मग इतरांची मेंढरं काय पित्यात?"

सभा हसली आणि हौद योजनेच्या कामांच्या यादीतून गेला. एवढा मोठा 'इतर' म्हणजे नेमकं कोण, हे एकानंही विचारलं नाही. मीही नाही.

बाहेर आत्या म्हणाली, "रंग लय ग्वाड भरलास गं. माजं घर तेवढं पुसलंस."

पुढच्याच रविवारी वही घेऊन कराडजवळच्या मलकापूरच्या पलीकडचं रान गाठलं. वस्तीवरची सगळी घरं तिथं उतरलेली. आत्या एकेक घर सांगत होती, मी पाच-पाचच्या जुड्यात रेघा मारत होते. एक म्हातारे अडले.

"माजा एकरभर जुंधळा बी हाय. मग मी शेतकरीच की."

"प्वाट कशावर चालतंय, मामा?" आत्यानं विचारलं.

"मेंढरावर."

"मार गं रेघ."

या वेळी दुहेरी तक्ता केला. ओळीत व्यवसाय, रकान्यात जानेवारीत घरी की बाहेर. त्यावरून काढलेल्या स्तंभालेखात 'इतर' बोटभर उरला, मेंढपाळांचा स्तंभ शेतीच्या खांद्याला लागला. ग्रामसेवकांनी बघितलं, म्हणाले, एक मेच्या सभेत ठेवू.

एक मेला ती माणसं रानातच असणार. गावकऱ्यांनो, तुम्ही मात्र गावात असाल. सभेला या, नव्या तक्त्यातलं एकेक घर मोठ्यानं वाचायला लावा, आणि हौद यादीत परत लिहिल्याशिवाय खाली बसू नका.