बद्द वाजणारे दगड

तुमच्या आजोबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बोईसरला न्यावे लागते. शिरगावच्या आपल्या वाडीत फाटकापासून पायरीपर्यंत नुसती वाळू. गाडी आत आली की चाके रुतायची, म्हणून दमलेल्या माणसाला काठी टेकत तेवढे चालावे लागायचे. शेवटी मी काँक्रीटवर दगडी फरसबंदी करायला घेतली. गाडी पायरीला लागावी, एवढेच माझे मागणे होते.

काँक्रीट चांगले झाले. त्यावर मी स्वतः रोज पाणी मारले. मग गवंडी दगड बसवायला आला. तो सिमेंट-वाळूच्या मालाचे पाच गोळे ठेवायचा, चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक, आणि वर दगड टेकवून मोकळा व्हायचा. मी आजोबांच्या काठीने ठोकून पाहिले. कोपऱ्यांत टणटण, बाकी सगळा बद्द.

"खाली पोकळ आहे. माल सगळीकडे पसरा," मी म्हणाले.

"आजी, आमी घराघरांत अशेच बसवतो. कदी काय झालं नाय."

"त्या घरांत गाडी फिरते का?"

"तुमची तरी कुठं रोज फिरनार हाय?"

यावर हसले कोण, तर शेजारी खुर्ची टाकून बसलेले तुमचे आजोबा. "जाऊ दे गं, परीक्षेचे पेपर तपासतेयस का?" असे म्हणून त्यांनी गवंड्यासाठी चहा सांगितला. ज्यांच्यासाठी हा आटापिटा, तेच त्याच्या बाजूला.

मी चहा दिला आणि तोवर बसवलेले सोळाही दगड उखडायला लावले. गवंडी त्यानंतर माझ्याशी सरळ बोललाच नाही. "बाबा, आजींना सांगा, रांग झाली, काठी घेऊन या," एवढेच.

काम संपल्यावर माल पक्का होईपर्यंत पंधरा दिवस गाडी चढवायची नव्हती, म्हणून मी फाटकात बाकडे आडवे टाकले. "रस्ता झाला, तरी मी आपला चालतोच आहे," ही कुरकुर रोज ऐकली.

काल बाकडे काढले. मी पायरीवर वाट पाहत उभी. गाडी फाटकात थांबली आणि आजोबा तिथेच उतरले. गाडीवाला नको नको म्हणत असताना काठीने एकेक दगड ठोकत, वाकून ऐकत निघाले. पायरीशी पोचले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"दोन बद्द आहेत," ते म्हणाले. "तुझ्या कानातून सुटले."

मी ठोकून पाहिले. होते.

गवंड्याला बोलावले आहे. बाकडे परत फाटकात आडवे. आणखी पंधरा दिवस त्यांना चालावे लागणार, आणि स्वारी भलतीच खुशीत आहे.